कूलरकडे सरकलेले टर्मिनल

धुळ्यातल्या एका बियाणे कंपनीच्या फायलीत माझ्या सहीचे दोन अहवाल लागोपाठ लावलेले आहेत. दोघांमध्ये नऊ दिवसांचे अंतर आहे. पहिला लिहायला मला वीस मिनिटे लागली आणि तो लिहिताना मी स्वतःवर खूश होते. दुसरा लिहायला तीन दिवस लागले. संपादकांनी या अंकासाठी कामाच्या आठवणी मागितल्या तेव्हा यशाच्या गोष्टी हाताशी पुष्कळ होत्या, आणि खोट्या विनयाची मला सवय नाही. तरीही माझे काम नेमके काय असते, हे बाहेरच्या माणसाला सर्वांत स्वच्छ कळेल ते या नऊ दिवसांतूनच, असे मला वाटते.

मी भौतिकशास्त्राची एम.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स हा विशेष विषय. नव्वदच्या सुमारास जळगावच्या एका छोट्या कंपनीत सिस्टिम इंजिनिअर म्हणून लागले. मेहरूणच्या रस्त्याला एका बंगल्याच्या तळमजल्यावर आमचे ऑफिस होते. संगणक विकायचे, बसवायचे, आणि बंद पडले की एसटीने जाऊन सुरू करून द्यायचे, असा व्यवसाय. मला पुण्याला जायचे होते आणि पुण्याहूनही पुढे; जळगाव हा पहिला मुक्काम, हे मी मुलाखतीतच सांगितले होते. साहेब हसले आणि म्हणाले, तोवर खान्देश तरी सांभाळा.

खान्देशाने मला भरपूर शिकवले. जामनेरच्या एका जिनिंगमध्ये यंत्र रोज दुपारी बंद पडे. मालक व्होल्टेजला दोष देत. मी झाकण उघडले तर आतल्या पंख्याभोवती कापसाच्या तंतूंची चांगली जाड गादी बसलेली. एरंडोलच्या एका डॉक्टरांनी उंदीर तारा कुरतडतात म्हणून यंत्राच्या पोटात डांबरगोळ्या ठेवल्या होत्या. यंत्र उत्तम चालत होते, उघडणाऱ्यालाच शिंका येत. ही कामे मला मनापासून आवडत. प्रत्येक बिघाडाला कारण असते आणि नीट शोधले तर ते सापडते, हा माझा विश्वास होता. तो आजही आहे. फक्त ‘नीट’ या शब्दाचा अर्थ तेव्हा मला पुरता माहीत नव्हता.

आता थोडे यंत्राविषयी, म्हणजे पुढचे समजायला सोपे जाईल. त्या काळी प्रत्येक टेबलावर संगणक ही चैन होती. मागच्या खोलीत एकच मोठे यंत्र असे आणि त्याला सहा-आठ टर्मिनले जोडलेली असत. टर्मिनल म्हणजे एक पडदा आणि एक कळफलक. त्याला स्वतःचे डोके नसते. प्रत्येक टर्मिनलची केबल मागच्या खोलीत जाऊन यंत्रातल्या एका कार्डावर संपे. आठ माणसे एकाच यंत्रावर एकाच वेळी काम करत आणि प्रत्येकाला वाटे, यंत्र आपले एकट्याचे आहे. हे जमवून आणणाऱ्या प्रणालीच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. एकाचा तक्ता दुसऱ्याने उघडू नये, शिपायाने साहेबांची फाइल बदलू नये, हे सारे कर्नेल पाहते. बाहेरच्या कोणत्याही प्रोग्रॅमवर त्याचा विश्वास नसतो.

पण यंत्रातले कार्ड कोणाचे, त्याच्याशी बोलायचे कसे, हे कर्नेलला उपजत माहीत नसते. म्हणून कार्ड बनवणारा सोबत एक छोटा प्रोग्रॅम देतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो आम्ही कर्नेलमध्ये मिसळतो. एकदा मिसळला की तो कर्नेलचाच भाग होतो आणि त्याच्यावर पहारा करणारे कोणी उरत नाही. तो जे सांगेल ते कर्नेल खरे मानते. बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये चूक असली तर एका माणसाचे काम बिघडते. ड्रायव्हरमध्ये असली तर कोणाचेही बिघडू शकते, आणि बिघडवणाऱ्याचे नाव भलत्याचेच नोंदले जाऊ शकते.

त्या बियाणे कंपनीत मी उन्हाळ्याच्या सुरुवातीला जुने कार्ड काढून पुण्याच्या एका उत्पादकाचे नवे बसवले होते. जुन्याची तक्रार अशी होती की वीज क्षणभर लपकली, म्हणजे जाऊन लगेच आली, तरी टर्मिनल बंद होई, यंत्राला वाटे माणूस उठून गेला, आणि अर्धा भरलेला तक्ता वाया जाई. मागचे यंत्र बॅटरीवर चाले, टर्मिनले मात्र घरच्या दिव्यासारखी थेट विजेवर. नव्या कार्डाने हा त्रास गेला. मी ऑपरेटर बायकांना गोळा करून सांगितले होते की आता काम जिथे सोडाल तिथेच सापडेल. वीज आली की एक कळ दाबायची आणि पुढे चालू करायचे. त्यांनी मला चहा पाजला होता.

कंपनीचे मालक मोतीशेठ. त्यांचे आजोबा राजस्थानातून येऊन धान्याचा व्यापार करू लागले. मोतीशेठ बियाण्यात उतरले आणि कपाशीचे एक संकरित वाण त्यांनी चांगले नावारूपाला आणले. ते वाण तयार करणारे शास्त्रज्ञ डॉ. सबनीस. कोणती मादी आणि कोणता नर यांचा संकर करायचा, हे त्यांनी एका तक्त्यात ठेवले होते आणि तो तक्ता त्यांच्या पासवर्डाशिवाय उघडत नसे. कंपनीचे खरे भांडवल तोच तक्ता. तिसऱ्या वत्सलाअक्का. सोनगीरहून रोज एसटीने येत. चाळिशीच्या, बोलायला कमी, टायपिंगला पक्क्या. उगवणशक्तीच्या चाचणीचे आकडे रजिस्टरमधून यंत्रात भरणे हे त्यांचे काम. शंभर बी ओल्या कागदात ठेवले तर किती उगवले, तो आकडा. नजर रजिस्टरवर, बोटे कळांवर. पडद्याकडे त्या पान संपल्यावरच बघत.

एप्रिलच्या उत्तरार्धात जळगावला फोन आला. डॉ. सबनीस पेरणीचा आराखडा करायला बसले आणि त्यांच्या गुप्त तक्त्यात मादी वाणांच्या क्रमांकांच्या जागी भलतेच आकडे निघाले. ते त्यांनी अक्कांच्या रजिस्टरशी ताडून पाहिले. एका पानावरचे उगवणीचे आकडे ओळीने तसेच्या तसे तिथे उतरले होते. यंत्राच्या नोंदीप्रमाणे बदल डॉ. सबनीसांच्या नावाने, दुपारी तीनच्या पुढे झाला होता. त्या वेळी डॉक्टर तालुक्यात चाचणीच्या शेतावर होते आणि पाच माणसांनी त्यांना तिथे पाहिले होते.

मी पहाटेच्या गाडीने धुळ्याला गेले. साडेनऊला कामाला लागले. प्रत्येक टर्मिनलवर बसून पाहिले: पासवर्ड विचारला जात होता, चुकीचा दिला तर नाकारला जात होता, अक्कांच्या नावाने डॉक्टरांचा तक्ता उघडत नव्हता. प्रणाली, परवानग्या, नोंदी, सगळे चोख. मग मोतीशेठांच्या खोलीत डॉक्टर, अक्का आणि मी असे बसलो.

“मॅडम, मला एक साफ सांगा,” मोतीशेठ म्हणाले. “मशीन झूठ बोलू शकतं का?”

मी म्हणाले, या बाबतीत नाही.

अक्का माझ्याकडे बघत होत्या. “मी माझंच काम केलं, शेठ. रजिस्टर बघा. दुसरं काही उघडलंच नाही मी.”

“रजिस्टर बघूनच बोलतोय,” डॉक्टर म्हणाले. “तुमचे आकडे माझ्या तक्त्यात चालत गेले का?”

त्यावर अक्का काही बोलल्या नाहीत. त्यांचे हे गप्प होणे मी तेव्हा माझ्या निष्कर्षाला पुरावा म्हणून धरले. तिथेच, शेठांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, मी पहिला अहवाल लिहिला. त्यात हे वाक्य होते: ‘डॉ. सबनीस यांचा पासवर्ड ज्ञात असल्याशिवाय सदर नोंद बदलणे कोणत्याही व्यक्तीस शक्य नाही.’ अक्कांचे नाव मी कुठेच लिहिले नव्हते. मला ते सावधपणाचे वाटले होते.

अक्कांना चौकशी पूर्ण होईपर्यंत घरी बसायला सांगितले गेले. पंधरवड्यात निर्णय होणार होता आणि तो काय असेल हे सर्वांना ठाऊक होते. त्या संध्याकाळच्याच एसटीने बातमी सोनगीरला पोचली: साहेबाचा पासवर्ड चोरून बियाण्याचा फॉर्म्युला दुसऱ्या कंपनीला विकला. विकल्याचे कोणी म्हटलेच नव्हते. ते वाटेत कुठेतरी त्यात चढले.

पाच दिवसांनी मी पुन्हा गेले, टेपवरच्या जुन्या प्रतीवरून डॉक्टरांचा तक्ता पूर्ववत करायला. हेही सकाळीच आटोपायचे होते. पण पारोळ्याच्या पुढे गाडीचा पट्टा तुटला आणि मी कंपनीत शिरले तेव्हा अडीच वाजून गेले होते. धुळ्यातली एप्रिलअखेरची दुपार ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको, आणि इतरांना सांगून कळणार नाही. ऑपरेटरांची टेबले पश्चिमेच्या भिंतीला, पत्र्याखाली. कूलर एकच, खोलीच्या दुसऱ्या टोकाला, डॉक्टरांच्या केबिनच्या दारात.

मी दारात उभी होते आणि माझ्या डोळ्यांसमोर सुनंदा आणि तिची मैत्रीण, दोघी ऑपरेटर, एक टर्मिनल दोन्ही बाजूंनी उचलून कूलरकडे घेऊन चालल्या होत्या. सराईतपणे, भरलेला हंडा न्यावा तशा. त्यांच्या टेबलाची केबल तिथवर पोचत नव्हती. म्हणून सुनंदाने वाकून डॉक्टरांच्या टर्मिनलमागचे दोन स्क्रू बोटांनीच फिरवले, त्यांची केबल काढली आणि आणलेल्या टर्मिनलला लावली.

मी विचारले, हे काय चालले आहे.

“डॉक्टर शेतावर गेले ना, मॅडम,” ती म्हणाली. तिच्या मते एवढे उत्तर पुरेसे होते.

थोडे खोदून विचारल्यावर बाकीचे आले. दुपारी डॉक्टर बाहेर पडले की आळीपाळीने एकीने कूलरपाशी बसायचे, ही गेल्या उन्हाळ्यापासूनची रीत होती. डॉक्टरांनी बजावले होते की कूलर मशीनसाठी आहे, माणसांसाठी नाही. त्यामुळे चारला टर्मिनल परत जागेवर, केबल परत जागेवर, स्क्रू घट्ट.

“त्या दिवशी पाळी कोणाची होती?”

सुनंदा मैत्रिणीकडे बघू लागली. मग म्हणाली, “अक्कांची. पण त्यांनी ते सांगितलं असतं तर आम्ही दोघीपण घरी बसलो असतो, मॅडम.”

वीज जोडून टर्मिनल तापत होते. पडदा कोरा होता. जुन्या कार्डावर या क्षणी यंत्राने नाव आणि पासवर्ड विचारला असता. मी सुनंदाला बाजूला केले आणि आकड्याची एकच कळ दाबली. पडद्यावर फक्त एक आकडा उमटला. नाव विचारले नाही, पासवर्ड विचारला नाही. वरचे मथळे नव्हते, कारण टर्मिनल बंद केले की आधीचे चित्र पुसले जाते आणि नंतर जे नव्याने येईल तेवढेच दिसते. मी तो प्रोग्रॅम बंद करून बाहेर आले आणि यंत्राला विचारले, मी कोण आहे. यंत्राने डॉ. सबनीसांचे नाव सांगितले.

मी तिथेच खुर्चीवर बसले. सुनंदाला वाटले मला ऊन लागले. तिने पाणी आणून दिले.

सगळी साखळी आता सरळ दिसत होती. पासवर्ड एकदाच विचारला जातो. त्यानंतर यंत्र माणसाला ओळखते ते तारेवरून. केबलमध्ये अनेक बारीक तारा असतात. त्यांतल्या एकीचे काम इतकेच, की समोर टर्मिनल चालू आहे हे सांगत राहणे. ती तार मुकी झाली की ड्रायव्हरने कर्नेलला कळवायचे, कर्नेलने त्या माणसाचे काम बंद करायचे आणि पुढच्याला पुन्हा पासवर्ड विचारायचा. डॉक्टर त्या दिवशी तक्ता उघडा ठेवून, टर्मिनल बंद करून गेले. अक्कांनी आपले टर्मिनल त्यांच्या केबलला लावले. ड्रायव्हरने कोणालाच काही कळवले नाही. अक्कांनी एक कळ दाबली, चौकट उघडी आहे असे पाहिले आणि आकडे भरायला घेतले. काम जिथे सोडाल तिथेच सापडेल, असे त्यांना मीच सांगितले होते. दोन्ही तक्त्यांचा साचा एकच होता, कारण तो आमच्याच कंपनीने बनवला होता. जतन करण्याची कळही एकच.

मी पहिल्या भेटीत सगळे तपासले होते, पण सकाळी साडेनऊला, प्रत्येक टर्मिनल आपापल्या जागी असताना. प्रयोगशाळेत विद्यार्थ्याने असे केले असते, म्हणजे ज्या परिस्थितीत घटना घडली ती सोडून भलत्याच परिस्थितीत तपासणी केली असती, तर मी त्याची वही परत केली असती.

पुढचे तीन दिवस मी धुळ्यातच राहिले. पहिल्या दिवशी मल्टिमीटर लावून पाहिले: केबल काढताच तार मुकी होत होती, म्हणजे कार्ड शाबूत होते. दोष ड्रायव्हरमध्ये. उत्पादकाने फ्लॉपीवर ड्रायव्हरचा मूळ मजकूरही दिला होता. तो छापून घेतला आणि ओळीने वाचला. ज्या ठिकाणी त्या तारेकडे लक्ष द्यायचे, त्या चार ओळी कोणीतरी निष्क्रिय करून ठेवल्या होत्या. शेजारी ना कारण, ना सही.

दुसऱ्या दिवशी पुण्याला ट्रंक कॉल लावला. ड्रायव्हर लिहिणारा इंजिनिअर माझ्याच वयाचा असावा. त्याने शांतपणे सांगितले की चूक वगैरे काही नाही, ते मुद्दाम केले आहे. विक्रेत्यांच्या तक्रारी होत्या, वीज लपकली की काम जाते म्हणून.

“कोणाच्या तक्रारी?”

कागद चाळल्याचा आवाज आला. “तुमच्याच भागातल्या. जळगावचं एक पत्र आहे. फार कडक लिहिलंय.” आणि त्याने सहीचे नाव वाचून दाखवले.

ते माझे होते. मी ते पत्र विसरले नव्हते. उलट ते लिहिल्यामुळेच नवे कार्ड सुधारून आले, हे मी ऑफिसात दोनदा सांगितले होते. त्याने वीज लपकणे आणि माणूस उठून जाणे यांतला फरक ओळखण्याचा खटाटोप केला नाही. सरळ पहाराच काढून टाकला. मी दुखणे सांगितले होते, औषध विचारले नव्हते आणि मिळाल्यावर तपासलेही नव्हते. त्याला मी हे सांगितले. तो म्हणाला की त्यांच्याकडे सगळी टर्मिनले आपापल्या जागी असतात, केबल कोणी काढतच नाही. मी म्हणाले, एकदा मे महिन्यात धुळ्याला या.

दुरुस्ती फार मोठी नव्हती. त्या चार ओळी परत जाग्या केल्या. तार अगदी क्षणभर मुकी झाली तर वाट पाहायची, त्याहून जास्त झाली तर काम बंद, अशी एक सोयही घातली. ड्रायव्हर पुन्हा कर्नेलमध्ये मिसळला, यंत्र बंद करून सुरू केले आणि ऐन दुपारी, टर्मिनल उचलून, केबली बदलून, मुख्य बटण क्षणभर बंद-चालू करून, सुनंदा आणि मी मिळून तीसेक वेळा प्रयोग केला. केबल काढली की प्रत्येक वेळी पासवर्ड विचारला गेला, वीज नुसती लपकली तर काम जागेवर राहिले. शेवटी सुनंदा म्हणाली, “मॅडम, आता त्याला माफ करा.”

अशीच कार्डे आम्ही आणखी चार गावांत बसवली होती. त्या सगळ्यांची यादी, दोष काय, तो कसा पडला आणि कोणाच्या पत्रामुळे पडला, हे सारे मी दुसऱ्या अहवालात लिहिले. जळगावहून साहेबांनी फोनवर सुचवले की पत्राचा उल्लेख वगळला तरी अहवाल पूर्णच राहील. मी नाही म्हणाले. कारण वगळले तर तो अहवाल माझ्या दृष्टीने चुकीचा होता, आणि एक चुकीचा अहवाल आधीच फायलीत होता.

नवव्या दिवशी मोतीशेठ आणि डॉक्टर यांना मी आधी प्रात्यक्षिक दाखवले. दुरुस्तीआधीचा ड्रायव्हर तेवढ्यापुरता परत लावला, डॉक्टरांना त्यांच्या हाताने टर्मिनल बंद करायला सांगितले, केबल काढून दुसऱ्याला जोडली आणि मोतीशेठांना म्हणाले, एक कळ दाबा. गुप्त तक्त्यात शेठांनी स्वतःच्या बोटाने सात हा आकडा उमटवला.

“अरे,” मोतीशेठ म्हणाले, “मी तर माझ्याच दुकानात चोर झालो.”

डॉक्टर ताठ बसले होते. “मी टर्मिनल बंद करूनच गेलो होतो,” ते म्हणाले.

“हो. बंद केलं की काम संपतं, हे मीच तुम्हाला शिकवलं होतं. जुन्या कार्डावर ते खरं होतं. नव्यावर ते खरं राहिलं आहे की नाही, हे मी तपासलं नाही.”

त्यांनी अहवाल घेतला आणि उभ्याउभ्याच वाचला. शेवटच्या पानावर माझ्या शिफारशी होत्या. त्यातली शेवटची, ऑपरेटरांच्या बाजूला दुसरा कूलर बसवावा, ही वाचून मोतीशेठ हसले. “बीमारी ड्रायव्हरची आणि गोळी कूलरची?” मी म्हणाले की ड्रायव्हरची गोळी देऊन झाली आहे, ही उरलेल्या माणसांसाठी.

मग मी फाइल मागवली, पहिल्या अहवालातले ते वाक्य शाईने खोडले, समासात ‘हे विधान चुकीचे आहे’ असे लिहून सही केली. अक्कांना सोमवारपासून कामावर घेण्याचे पत्र शेठांनी लगेच टाइप करायला सांगितले. ते सुनंदाच्या हाती पाठवू, असे ते म्हणाले. मी म्हणाले, मी घेऊन जाते.

सोनगीरला पोचले तेव्हा पाच वाजले होते. किल्ल्याच्या बाजूची गल्ली, दोन्हीकडे तांब्यापितळेची भांडी घडवणाऱ्यांचे ठोके. अक्कांचे घर विचारताना माझ्याकडे लोक ज्या नजरेने बघत होते त्यावरून बातमी किती मुरली होती ते कळत होते. दारात अक्कांचे सासरे बसले होते. त्यांना सगळे आबा म्हणत. मी नाव सांगितले.

“तूच का ती इंजिनेर?” आबांनी विचारले. “तुनाच कागदवरथून हाई बठ्ठं व्हयनं?”

मी म्हणाले, हो, हे सगळे माझ्याच कागदावरून झाले.

“मंग चूक कोनी शे? मशीननी का तुनी?”

वाटभर मी त्यांना समजेल असे काहीतरी जुळवत आले होते. ते सगळे बाजूला ठेवून मी सांगितले की मशीनमध्ये चूक होती, ती आता काढली आहे. पण मशीन चुकूच शकत नाही, असे लिहून दिले ते मी. ती चूक माझी.

आबांनी मान हलवली. त्यात क्षमा नव्हती, नोंद घेतल्यासारखे होते. अक्का आतून आल्या. त्यांनी मला बसा म्हटले नाही. मी शेठांचे पत्र आणि अहवाल त्यांच्यापुढे धरला आणि म्हणाले, वाचून दाखवू का.

“इथं नको, मॅडम,” अक्का म्हणाल्या. “ओट्यावर चला. बातमी ओट्यावर आली होती.”

त्यांनी शेजारच्या दोन घरांत हाक दिली. समोरचा ठोका थांबला. पाहता पाहता पंधरा-वीस माणसे जमली. मी उभी राहून अख्खा अहवाल वाचला, आमच्या ऑफिसच्या मराठीत, कर्नेल आणि ड्रायव्हरसकट. ‘सदर कर्मचाऱ्याकडून कोणताही गैरप्रकार घडलेला नाही’ हे वाक्य मी दोनदा वाचले. वाचून झाले तरी लोक तसेच उभे राहिले. मग समोरचे तांबट काका म्हणाले, “म्हंजे काय व्हयनं वो वत्सला? आम्हले तं काहीच समजनं नही.”

मी तोंड उघडणार तोच अक्कांनी हात वर केला.

“आयका,” त्या म्हणाल्या. “एस्टीमा कंडक्टर एकदाव तिकीट दखस. मंग तो मानूसले दखस नही, सीटले दखस. बरोबर शे का? डॉक्टर सीटवर बसेल व्हतात. त्या मधमाच उतरी ग्यात. त्या सीटवर मी बसनू. कंडक्टरले वाटनं, तोच मानूस शे. मना सामान त्यासना नावखाले उतरनं. मी तिकीट चोरं का?”

“नही,” दोघे-तिघे एकदम म्हणाले.

“तो कंडक्टर पहिले असा नव्हता. कोनी उतरनं का त्याले समजे. पन गाडीले धक्का बसना तरी तो मानूसले उतारी टाके. म्हनीसन या मॅडमनी त्याले चिठ्ठी लिखी, का धक्का बसना तं उतारू नको. तं त्यानी दखनंच बंद कयं.” त्यांनी माझ्याकडे पाहिले. “बरोबर आहे ना, मॅडम?”

मी म्हणाले, बरोबर आहे. तिकीट एकदाच बघणारा आणि मग माणसाऐवजी सीटच बघणारा कंडक्टर: चार पानांत मी जे लिहिले होते त्यातले काहीही सुटले नव्हते.

तांबट काका हसले आणि ओट्यावर बसले. कोणीतरी मला पाण्याचा तांब्या दिला. आबा मात्र अजून विचारात होते.

“वत्सला,” ते म्हणाले, “पन त्या डॉक्टरले उतरताना सांगता नही येत का, का मी उतरी ऱ्हायनू म्हनीसन?”

अक्कांनी शेठांच्या पत्राची घडी घातली आणि पदराआड कमरेला खोचली.

“सोमवारे सांगसू त्यासले,” त्या म्हणाल्या.